तराफा आणि पूल

डहाणू-तलासरीच्या मुलखाला आगगाडीचा लाभ 1864 मध्ये झाला. परंतु वाटेत आडव्या येणाऱ्या वैतरणा-वसईसारख्या खाड्यांवर बॉम्बे-बडोदा रेल्वे कंपनीने लोखंडी खांबांचे पूल उभारल्यामुळे डबेच नावेवर चढविण्याचा प्रसंग येथे उद्भवला नाही. डहाणूच्या खाडीत मात्र गलबतांचा राबता आणि किनारा जोडणारी तर चालूच राहिली. अशा तरींचे नियमन करण्यास सरकारने 1868 मध्ये कायदाही केला.

ज्या जलाशयावर पूल अशक्य, तेथील व्यवस्था निराळी होती. अमेरिकेतील मिशिगन सरोवरावर 1892 पासून मालडबे भरलेली जहाजे हिवाळ्यातही धावू लागली. त्यांच्या पोटात रूळ असत. एकाच बाजूचे डबे आधी चढविले तर जहाज कलंडे, म्हणून भार दोन्ही अंगांना तोलून घ्यावा लागे. कोणते जहाज कोणत्या मार्गावर नेमायचे, याचा निर्णय बर्फ फोडण्याचे सामर्थ्य, धक्क्याची खोली आणि मालाची आवक पाहून होत असे.

आपल्या देशीही ब्रह्मपुत्रेवर अमीनगाव-पांडू येथे डबे नावेतून पैलतीरी जात. 1962 मध्ये सराईघाटचा पूल झाला आणि ती सेवा संपली. पुलाने जे काम एकदाच केले, ते नावाड्यांनी वर्षानुवर्षे नित्य केले. त्यांच्या श्रमाची नोंद इतिहासाने आदराने घ्यावयास हवी.