युद्ध, बालपण आणि हास्य : ‘होप अँड ग्लोरी’ या चित्रपटाचे एक तौलनिक वाचन

दुसऱ्या महायुद्धातील बालपणाविषयीच्या कथनांत मूल बहुधा दोन भूमिकांत दिसते. ते युद्धाचा बळी असते किंवा मोठ्यांच्या क्रौर्याचे मूक साक्षीदार. जॉन बूर्मन यांचा १९८७ सालचा ‘होप अँड ग्लोरी’ हा चित्रपट या दोन्ही साच्यांत बसत नाही. त्यातील मुलाला युद्ध चक्क आवडते. ही आवड केवळ बालसुलभ अजाणतेपणातून आलेली आहे, की तीत युद्धपूर्व व्यवस्थेवरील काही भाष्य दडलेले आहे, हा या चित्रपटाच्या आकलनातील कळीचा प्रश्न होय. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने त्याला आणखी एक प्रश्न जोडून येतो : त्याच वर्षांच्या मराठी स्मृतीत हे हास्य का आढळत नाही?

बूर्मन यांचा जन्म १९३३ सालचा. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाले तेव्हा ते सहा वर्षांचे होते. चित्रपट आत्मचरित्रात्मक असून प्रौढ निवेदकाचा आवाज त्याला सोबत करतो. लंडनच्या उपनगरातील बिल रोहन या मुलाचे वडील सैन्यात जातात, पण त्यांच्या वाट्याला लढाईऐवजी कारकुनी येते. जाण्यापूर्वी ते मुलाला गुगली टाकण्याचे गुपित शिकवतात. कुलपरंपरेचा वारसा सोपवावा तशा गांभीर्याने. रात्री बाँब पडतात. सकाळी मुले बाँबगोळ्यांचे तुकडे गोळा करतात आणि उद्ध्वस्त घरांत शिरून उरलेसुरले फोडतात. मुलांना ऑस्ट्रेलियाला पाठवण्यासाठी स्थानकावर गेलेली आई शेवटच्या क्षणी त्यांना परत ओढून घेते. पुढे रोहन कुटुंबाचे घर जळते, परंतु बाँबमुळे नव्हे, साध्या आगीने. हा तपशील अर्थपूर्ण आहे. सर्व हानीचे खापर युद्धावर फोडण्याची सोय दिग्दर्शक प्रेक्षकाला ठेवत नाही. त्यानंतर हे कुटुंब थेम्सकाठी आजोबांकडे राहावयास जाते. तेथे नदीत पडलेल्या बाँबमुळे मेलेल्या माशांची रासच हाती लागते. शेवटी सुटी संपवून बिल शाळेत परततो, तर शाळाच एका भरकटलेल्या बाँबने पेटलेली असते. पटांगणात मुले आनंदाने नाचतात आणि एक मुलगा तर हिटलरचे आभार मानतो.

या अखेरच्या प्रसंगाचा अर्थ लावण्यासाठी आधीचा वर्गातील प्रसंग ध्यानी घ्यावा लागतो. भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्यातील गुलाबी रंगाचे प्रदेश ब्रिटिश साम्राज्याचे. हे गुलाबी तुकडे तुमच्यासाठी राखावेत म्हणून माणसे लढत आणि मरत आहेत, असे शिक्षक मुलांना ऐकवतात. याच शाळेत मुले तोंडावर वायुरोधक मुखवटे चढवून पाढे म्हणतात. म्हणजे युद्ध शाळेबाहेर आहे आणि शाळा शांततेची, अशी विभागणी येथे नाही. छडी, पाढे आणि नकाशा यांच्या रूपाने युद्धाचे तर्कशास्त्र वर्गातच नांदत असते. शाळा जळताना मुलांना होणारा आनंद हा विध्वंसाचा आनंद खराच. पण तो त्या नकाशातून क्षणभर सुटल्याचाही आनंद आहे. चित्रपटाचे नाव एल्गार यांच्या संगीतावर बेतलेल्या साम्राज्यगौरवाच्या गीतातून घेतलेले आहे, ही गोष्ट या वाचनाला दुजोरा देते.

त्या गुलाबी रंगात नंदुरबारही होते. लंडनवरील सलग बाँबहल्ल्यांना ७ सप्टेंबर १९४० रोजी प्रारंभ झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, ‘छोडो भारत’ चळवळीतील मिरवणुकीत पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे बालसाथीदार पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले. दोन्हीकडे मुले शाळकरी आणि युद्ध एकच. परंतु लंडनमध्ये मृत्यू आणणारा शत्रू बाहेरचा आहे आणि मुलांना शिस्त लावणारी सत्ता घरची. शत्रूचा बाँब त्या सत्तेची शाळा पाडतो, आणि या विसंगतीतून विनोद जन्मतो. नंदुरबारात नकाशा रंगवणारी आणि गोळी झाडणारी सत्ता एकच होती. विनोदाला लागणारी फटच तेथे शिल्लक नव्हती. मराठी स्मृतीने त्या मुलाला ‘बालवीर’ केले, त्याचे स्मारक उभारले. त्याच्या खोड्या मात्र जपल्या नाहीत.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. हास्य घटनेतच नव्हते, असे मानण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यचळवळीतील मुलांच्या पथकांना ‘वानरसेना’ म्हणत. या नावात रामकथा आहे आणि माकडचेष्टाही आहेत. लपूनछपून निरोप पोचवणे, पोलिसांना चकवणे, प्रभातफेरीत मोठ्याने गाणे यांत खेळाचा अंश असणारच. तो गौरवाच्या भाषेत विरून गेला. बालपणाकडे संस्कारांची शिदोरी म्हणून पाहण्याची, १९३५ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘श्यामची आई’ने दृढ केलेली दृष्टीही या गाळणीला पूरक ठरली असावी. बूर्मन यांनी हसण्यासाठी जवळजवळ पाच दशकांचे अंतर घेतले, हेही विसरता येत नाही.

साम्राज्य गेले तरी नकाशाचा प्रश्न संपत नाही, याचे प्रत्यंतर भिलाईत येते. १९४२ मध्ये हे दुर्ग जिल्ह्यातील एक खेडे होते. मध्य प्रांत व वऱ्हाडात त्याचा समावेश होता आणि राजधानी होती नागपूर. येथील पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला तेव्हाही राजधानी नागपूरच होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तोवर १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात गेला होता आणि दुर्गची राजधानी भोपाळ झाली होती. १ नोव्हेंबर २००० पासून ती रायपूर आहे. येथील एखाद्या मराठी घरात आजोबांनी शाळेत पाठ केलेला प्रांत, वडिलांनी पाठ केलेले राज्य आणि नातवाचे राज्य ही तिन्ही वेगळी असू शकतात, आणि मधल्या काळात कोणी घर बदललेले असेलच असे नाही.

भिंतीवरचा नकाशा निसर्गदत्त नसतो, हे अशा घरातील मुलाला निराळे शिकवावे लागत नाही. बिल रोहनला त्यासाठी शाळा जळावी लागली. ‘होप अँड ग्लोरी’तील हास्याचा गाभा हाच आहे : मोठ्यांनी कायमचे म्हणून सांगितलेले जग तात्पुरते आहे, याचा मुलाला लागलेला शोध. नंदुरबारच्या मुलांनाही तो लागला होता. म्हणूनच त्यांनी झेंडा हाती घेतला. फरक इतकाच की त्या शोधानंतर हसत घरी परतण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. १९४२ च्या मराठी बालपणाचा इतिहास लिहिताना ‘बालवीर’ या प्रतिमेमागची हसरी, खोडकर मुले शोधणे हा त्यांच्या बलिदानाचा अवमान ठरणार नाही. गमावले ते नेमके काय होते, हे त्यावाचून कळत नाही.