३ नोव्हेंबर १९४२ : रोमेलचे पत्नीस पत्र
इजिप्तमधील अल अलामीनच्या आघाडीवरून जर्मन फील्ड मार्शल एर्विन रोमेल याने पत्नी लुसीला पत्र लिहिले. शत्रूच्या भाराखाली आपण चिरडले जात आहोत, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अशी कबुली त्यात होती. त्याच दिवशी हिटलरचा हुकूम आला : एक पाऊलही मागे नाही. दुसऱ्या दिवशी माघार सुरू झाली.

रोमेलची पत्रे १९५३ मध्ये ब्रिटिश लष्करी इतिहासकार लिडेल हार्ट यांनी संपादित केलेल्या ग्रंथात छापली गेली. सेनापतीने पराभव मनोमन कधी ओळखला, हे त्यांतून तारखेनिशी कळते. वाचावीत मात्र जपूनच. त्या ग्रंथाच्या संपादनाला लुसी आणि मुलगा मान्फ्रेड यांचे साहाय्य होते, आणि ‘सभ्य शत्रू’ ही रोमेलची प्रतिमा घडवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.