मोटारखान्यातला निळा उजेड

विजेची मोटार घरीच चार्ज करायची, ही सोय आजकालची वाटते. पण अमेरिकेतल्या सधन घरांत ती शंभर वर्षांपूर्वीच रुळली होती.

अडचण होती ती विजेच्या जातीची. बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते आणि बऱ्याच घरांत येत होती दिशा सतत बदलणारी एसी. यावरचा उपाय पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ मध्ये शोधला: पाऱ्याचा रेक्टिफायर. हवा काढून घेतलेला काचेचा मोठा फुगा, तळाशी पारा. फुगा किंचित कलवला की पाऱ्याचा ओघळ दोन टोकं जोडे. तो तुटताना ठिणगी पडे, पाऱ्याची वाफ पेटल्यासारखी लखलखे आणि वीज एकाच दिशेने वाहू लागे. रात्रभर मोटारखान्यात निळसर उजेड थरथरत राही. जनरल इलेक्ट्रिकने अशी यंत्रं बाजारात आणली.

पेट्रोलची मोटार सुरू करायला तेव्हा हँडल मारावं लागे; विजेच्या मोटारीला ती कटकट नव्हती. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत!

मात्र १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला होता. हँडलची कटकट मिटली, पेट्रोलच्या गाड्या स्वस्त होत गेल्या आणि मोटारखान्यांतले ते काचेचे फुगे एकेक करून विझले.