छायाचित्रण-शिक्षण, वंचित मुलांचे

बेघर, अनाथ, वेश्यावस्तीत वाढणारी, दृष्टिहीन किंवा हिंसाचारातून वाचलेली मुले व तरुण यांच्या हाती कॅमेरा देऊन, तो चालवायला शिकवून, त्यांचे मन सावरण्यास मदत करण्याची पद्धत. छायाचित्रोपचार (फोटोथेरपी) यापेक्षा ती वेगळी आहे. छायाचित्रोपचारात समुपदेशक छायाचित्रांच्या आधाराने रुग्णाला बोलते करतो. येथे शिकवणारा बहुधा छायाचित्रकार असतो, आणि मूल रुग्ण नसून विद्यार्थी असते. हा फरक केवळ नावाचा नाही. ज्या मुलाकडे आजवर सगळ्यांनी कीव करत पाहिले, त्याच्याकडे येथे कोणीतरी कामाची अपेक्षा ठेवते.

पूर्वपीठिका : छायाचित्राचा मनावरील उपचाराशी संबंध जुना आहे. इंग्लंडमधील सरे परगण्याच्या मनोरुग्णालयातील डॉ. ह्यू वेल्च डायमंड यांनी १८५० च्या दशकात रुग्णांची छायाचित्रे काढून ती त्यांनाच दाखवली व त्याचा उपयोग होतो असे १८५६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. तेथे कॅमेरा मात्र डॉक्टरांच्याच हाती होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या जोसेफिन हेरिक यांनी १९४१ मध्ये उभ्या केलेल्या स्वयंसेवी छायाचित्रकारांच्या गटाने पुढे जखमी सैनिकांना छायाचित्रण शिकवले. कॅमेऱ्याच्या पुढचा माणूस मागे गेला, तो येथे.

मुलांच्या बाबतीत वेंडी ईवाल्ड यांचे काम पायाभूत मानले जाते. १९६९ मध्ये त्यांनी कॅनडातील लॅब्राडोर भागात इनू जमातीच्या मुलांना शिकवले. १९७५ नंतर केंटकीच्या खाणपट्ट्यातील शाळांत त्या अनेक वर्षे शिकवत होत्या. साधे इन्स्टामॅटिक कॅमेरे मुलांना फुकट न देता ते त्यांनी स्वतः पैसे मिळवून घ्यावेत, असा त्यांचा आग्रह असे. आपले घरचे, आपली जनावरे, आपण स्वतः आणि आपली स्वप्ने, असे विषय त्या देत. स्वप्नाचे छायाचित्र काढायचे तर ते आधी रचावे लागते, त्यासाठी भावंडांना राजी करावे लागते. मनातली भीती मग आपल्या आज्ञेने उभी राहते आणि आपल्या आज्ञेने मोडते. या कामावरचे पुस्तक १९८५ मध्ये निघाले. गुजरातमधील विछिया या गावातही ईवाल्ड यांनी मुलांना शिकवले आहे.

१९८९ मध्ये वॉशिंग्टनमधील वृत्तछायाचित्रकार जिम हबर्ड यांनी बेघर मुलांसाठी 'शूटिंग बॅक' हा उपक्रम सुरू केला. १९९१ मध्ये नॅन्सी मॅकगर यांनी ग्वातेमाला सिटीच्या कचरा डेपोवर राहणाऱ्या मोजक्या मुलांपासून जे काम आरंभले, त्यातून 'फोटोकिड्स' ही संस्था उभी राहिली व तिचे जुने विद्यार्थी पुढे तिथेच शिक्षक झाले. ढाक्यात शाहिदुल आलम यांच्या 'दृक' संस्थेने कष्टकरी घरांतील मुलांना शिकवले. रवांडातील वंशसंहारानंतर गिसेन्यीच्या इंबाबाझी अनाथालयात २००० मध्ये डेव्हिड जिरानेक यांनी मुलांना एकदाच वापरायचे कॅमेरे दिले. मुलांनी सरोवर, खेळ आणि एकमेकांचे चेहरे टिपले.

लोकांच्याच हाती कॅमेरा देणारी 'फोटोव्हॉइस' ही सामाजिक आरोग्यातील संशोधनपद्धती समांतरपणे वाढली. १९९२ मध्ये चीनच्या युनान प्रांतातील ६२ ग्रामीण स्त्रियांसोबत कॅरोलिन वँग व मेरी अ‍ॅन बरिस यांनी ती घडवली.

पद्धत : उपक्रम कोठलाही असो, टप्पे ढोबळमानाने सारखे असतात. पहिल्या दिवसांत कॅमेरा धरणे, उजेड कुठून येतो ते पाहणे, चौकटीत काय ठेवायचे व काय बाहेर टाकायचे ते ठरवणे. मग मूल कॅमेरा घेऊन आपल्या वस्तीत जाते.

खरे शिक्षण त्यानंतर होते, हे प्रसिद्धीच्या माहितीत क्वचितच सांगितलेले असते. फिल्मच्या काळात रोल धुऊन एका कागदावर सगळ्या चौकटी लहान आकारात छापत. ही कॉन्टॅक्ट शीट. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये ३६ पर्यंत चौकटी असतात. मुलाने भिंगातून त्या पाहायच्या, लाल पेन्सिलने एक-दोन निवडायच्या आणि बाकीच्या का सोडल्या ते बरोबरीच्या मुलांना सांगायचे. ज्याच्या आयुष्यातले सगळे निर्णय इतरांनी घेतले, त्याला येथे "ही नको, ही" असे म्हणता येते, तेही कारण देऊन. चुकलेली चौकट टाकून देता येते आणि उद्या पुन्हा जाता येते. शिवाय चार-पाच शीट शेजारी ठेवल्या की मुलाची नजर कुठून कुठे सरकते ते दिसते : आधी लांबून, पाठमोरी, दाराआडून काढलेली माणसे, मग हळूहळू समोरून. रोल धुऊन येईपर्यंत वाट पाहावी लागे, तीही उपयोगी होती. डिजिटल कॅमेऱ्यात चौकट जागीच पुसता येते, म्हणून आता काही शिक्षक पुसण्यास मनाई करतात.

सोनागाछी : सर्वांत गाजलेला व सर्वांत जास्त नोंदला गेलेला प्रयोग कोलकात्याचा. लंडनमध्ये जन्मलेल्या झाना ब्रिस्की १९९० च्या दशकाच्या अखेरीस सोनागाछी या वेश्यावस्तीतील स्त्रियांची छायाचित्रे काढण्यासाठी त्या वस्तीत राहू लागल्या. मोठी माणसे कॅमेऱ्यापुढे सहज येत नसत. मुले मात्र कॅमेऱ्याभोवती जमत. २००० पासून त्यांनी मुलांचा वर्ग घेतला. अलीपूरचे प्राणिसंग्रहालय व समुद्रकिनारा येथे सहली झाल्या, पार्क स्ट्रीटवरील एका पुस्तकदालनात प्रदर्शन भरले, न्यूयॉर्कला चित्रांचा लिलाव झाला. एक मुलगा जागतिक छायाचित्र-स्पर्धेच्या बालपरीक्षक मंडळावर अ‍ॅमस्टरडॅमला गेला. ब्रिस्की व रॉस कॉफमन यांच्या 'बॉर्न इनटू ब्रॉथेल्स' या माहितीपटाला २००५ मध्ये ऑस्कर मिळाले. २००२ मध्ये स्थापन झालेल्या 'किड्स विथ कॅमेराज' संस्थेने पुढे हैती, जेरूसलेम व कैरो येथेही वर्ग चालवले.

या प्रयोगातून कॅमेऱ्याची मर्यादाही कळली. मुलांना निवासी शाळेत घालायचे तर शिधापत्रिका हवी, एचआयव्ही चाचणीचा दाखला हवा. महिनोन्‌महिने या कागदांमागे गेले. प्रवेश मिळालेली काही मुले घरी परतली, काहींना घरच्यांनी काढून नेले.

आक्षेप : देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या 'दुर्बार महिला समन्वय समिती'ने या माहितीपटावर टीका केली. आया निर्दय दिसतात आणि मुलांसाठी वस्तीने स्वतः चालवलेले काम दिसतच नाही, असा तिचा रोख होता. निर्मात्यांना तो मान्य नव्हता. सर्वच उपक्रमांना लागू होणारे प्रश्न आणखी आहेत : चित्राचा हक्क कोणाचा, विक्रीचे पैसे कोणाचे, दहा वर्षांच्या मुलाने दिलेली संमती विसाव्या वर्षी बांधील धरावी काय. छायाचित्राखाली मुलाचे नाव घातले तर त्याला श्रेय मिळते व वस्तीही उघड होते. नाव गाळले तर उलट. प्रस्तुत लेखकाच्या मते निवड मुलाची असावी आणि ती पुढे बदलण्याची मुभा कायम राहावी.

परिणाम : आत्मविश्वास व बोलकेपणा वाढल्याचे शिक्षक सांगतात. मात्र गट लहान असतात व दीर्घकालीन पाठपुरावा कमी होतो, म्हणून हा निष्कर्ष जपून घ्यावा.

मुंबई व दिल्ली : पार्थो भौमिक यांनी २००६ मध्ये मुंबईत 'ब्लाइंड विथ कॅमेरा' सुरू करून दृष्टिहीनांना छायाचित्रण शिकवले. आवाज, ऊब, वास व हाताचा अंदाज यांवरून विद्यार्थी अंतर व दिशा ठरवतात. प्रदर्शनात उठावाची चित्रे व ब्रेल मजकूर असतो. 'सलाम बॉम्बे' (१९८८) चित्रपटानंतर स्थापन झालेल्या 'सलाम बालक ट्रस्ट'च्या दिल्लीतील आश्रयगृहात वाढलेले विकी रॉय यांनी आधी एका ब्रिटिश छायाचित्रकाराच्या हाताखाली व नंतर अनय मान यांच्याकडे साहाय्यक म्हणून काम केले. रस्त्यावरच्या मुलांच्या छायाचित्रांचे त्यांचे पहिले प्रदर्शन २००७ मध्ये भरले.