वायुप्रदूषण आणि सूर्यास्ताचे रंग
सूर्य क्षितिजालगत असताना त्याचा प्रकाश वातावरणातून अधिक अंतर कापतो. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात व तांबडा-नारिंगी प्रकाश उरतो. या रंगांसाठी प्रदूषणाची गरज नसते. धूळ-धुराचे मोठे कण सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. त्यामुळे सूर्यबिंब तांबडे दिसले, तरी आकाश फिके, करडे पडते. १८८३ मधील क्राकाटोआ उद्रेकानंतर जगभर दिसलेले भडक सूर्यास्त स्थितांबरातील सूक्ष्म कणांमुळे होते.

मराठवाडा
नांदेड-लातूर परिसरात हिवाळ्यात थंड हवेवर उबदार हवेचा थर आल्यास धूर व धूळ जमिनीजवळ कोंडतात आणि सूर्य मावळण्याआधीच निस्तेज होतो. हेच सूक्ष्म कण श्वसनास अपायकारक असतात. पावसाने हवा धुतल्यावर रंग पुन्हा उजळतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात लातूरचा समावेश आहे.