वर्दळीचा तास : दूरध्वनीपासून ब्रॉडबँडपर्यंत

घरगुती ब्रॉडबँडची गती रात्री जेवणाच्या सुमारास मंदावते, ही तक्रार अलीकडच्या काळाची समजली जाते. तथापि तिच्या मुळाशी असलेला प्रश्न १९०९ मध्येच गणिताच्या भाषेत मांडला गेला होता. आग्नर क्रारूप एर्लांग हे डॅनिश गणितज्ञ १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाले. सर्व वर्गणीदार एकाच वेळी बोलत नाहीत. म्हणून जितके वर्गणीदार तितक्या तारा दोन एक्स्चेंजांच्या दरम्यान घालण्याचे कारण नसते. मग किती घालाव्यात? संभाव्यताशास्त्राच्या आधारे त्यांनी या प्रश्नाचा विचार आरंभिला आणि १९१७ मध्ये आपले प्रसिद्ध सूत्र दिले. दिवसातील सर्वाधिक वर्दळीच्या तासात सरासरी दहा संभाषणे एकाच वेळी चालत असतील आणि शंभरातील एकाहून अधिक मागणी परत जाऊ नये अशी इच्छा असेल, तर या सूत्रानुसार १८ मार्ग लागतात. संभाषणे शंभर असतील तर मात्र १८० नव्हे, सुमारे ११७ पुरतात. समूह जितका मोठा, तितकी राखीव क्षमता प्रमाणाने कमी लागते, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. किती माणसांना परत पाठवणे क्षम्य मानावे, हे सूत्र ठरवीत नाही; ते कंपनीचा हिशेब ठरवितो. दूरध्वनीच्या युगात या हिशेबाचा परिणाम निदान कानाला ऐकू येत असे. मार्ग मोकळा नसला तर जोडणीच मिळत नसे, आणि तोटा कोठे आहे हे वर्गणीदारास तत्काळ कळे.

संगणकांच्या जाळ्यात माहितीचे तुकडे करून, म्हणजेच पॅकेटांच्या रूपाने, ती पाठविण्याची पद्धत रूढ झाली आणि ही स्थिती पालटली. तेथे कोणास नकार मिळत नाही. सर्वांची पॅकेटे रांगेत उभी राहतात, आणि रांग फार लांबली की काही टाकून दिली जातात. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील विद्यापीठ या अवघ्या चारशे यार्डांवरील दोन ठिकाणांमधील वहन सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळले. हरवलेली पॅकेटे संगणक पुनःपुन्हा पाठवीत राहिल्यामुळे कोंडी वाढतच गेली होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावरील उपाय आहे : कोंडीची चाहूल लागताच प्रत्येक संगणकाने आपला वेग आपणहून कमी करावा. या उपायाने जाळे वाचले यात शंका नाही. परंतु त्यामुळे टंचाईला आवाज उरला नाही. ती सर्वांच्या वाट्याला थोडथोडी येते, आणि दोष तारेचा, घरातील यंत्राचा, दूरच्या संकेतस्थळाचा की सेवादात्याचा, हे ग्राहकास उमगत नाही.

अर्थातच नियामकांना हे गणित उघड करावे लागले. भारतात २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट या किमान गतीस ब्रॉडबँड म्हटले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या विनियमांनी वर्दळीच्या तासात सेवादात्याच्या मार्गांचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा, तसेच ग्राहकास कबूल गतीच्या ८० टक्क्यांहून अधिक गती मिळावी, असे ठरविले. २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास ही वाटणीची मर्यादा सुचविण्यात आली. पन्नासही घरांनी एकदम मागणी केली, तर त्या काळच्या किमान गतीतून प्रत्येकाच्या हाती पाच किलोबिट पडावेत, एवढा या प्रमाणाचा अर्थ. एर्लांग यांना त्यात नवल वाटले नसते. सामान्य ग्राहकास मात्र हे प्रमाण क्वचितच ठाऊक होते.

या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. तेथील सरकारने २००९ मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्याची घोषणा केली. जाळे सरकारी कंपनीने बांधावयाचे व घाऊक विकावयाचे, आणि खाजगी सेवादात्यांनी ते ग्राहकांस किरकोळ विकावयाचे, अशी ती व्यवस्था होती. सेवादाता दोन गोष्टींचे पैसे भरी : प्रत्येक घराच्या जोडणीचे, आणि १२१ जोडकेंद्रांवर आपल्या सर्व ग्राहकांसाठी मिळून घेतलेल्या सामायिक क्षमतेचे. या दुसऱ्या आकाराचा दर आरंभी दरमहा दर मेगाबिटास २० डॉलर होता व २०१५ मध्ये तो १७.५० डॉलरवर आला. जोडणी तीच, तार तीच. दोन सेवादात्यांत रात्री नऊ वाजता जो फरक पडे, तो बहुतांशी कोणी किती क्षमता विकत घेतली याचा. एकशे एकवीस ठिकाणी स्वतंत्रपणे क्षमता घ्यावी लागल्यामुळे लहान कंपन्यांना मोठ्या समूहाचा लाभ मिळेना, हेही एर्लांग यांच्या सूत्रावरून अपेक्षितच होते.

२०१७ च्या मध्यास ही सामायिक क्षमता दर ग्राहकामागे सरासरी १.१ मेगाबिटांच्या आसपास होती; जाहिरातीत मात्र २५, ५० व १०० हे आकडे झळकत. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने सेवादात्यांनी सायंकाळी ७ ते ११ या वेळेत सामान्यतः मिळणारी गती जाहीर करावी, असे मार्गदर्शन केले. डिसेंबरात घाऊक कंपनीने क्षमतेच्या आकारात तात्पुरती सूट दिली व क्षमतेसह एकत्रित दराच्या नव्या योजना मांडल्या. वर्षअखेरीस सरासरी दीड मेगाबिटांपर्यंत चढली. मार्च २०१८ मध्ये आयोगाच्या पहिल्या मोजणीचे निष्कर्ष आले. त्यांत वर्दळीच्या वेळीही बहुतेक मोठे सेवादाते योजनेच्या कमाल गतीच्या ८० ते ९० टक्के गती देत असल्याचे आढळले.

तरीही सर्व मंदपणा कोंडीचा नव्हता. २०१३ च्या सत्तांतरानंतर अनेक घरांपर्यंत शेवटचा टप्पा जुन्या तांब्याच्या तारेचाच राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या सेवादात्याने, घेतलेल्या योजनेची गती ज्यांच्या तारेवर मिळणेच शक्य नव्हते, अशा सुमारे ४२,००० ग्राहकांस भरपाई देण्याचे मान्य केले. अशा घरात सेवादाता बदलून काहीच साधत नाही. पहाटेही गती कमीच असेल तर दोष तारेचा असण्याचा संभव अधिक. केवळ रात्रीच ती उतरत असेल तर दोष वाटणीचा. ग्राहकाच्या हाती असलेली ही जवळजवळ एकच कसोटी, आणि तिच्यासाठी गणित लागत नाही.

सामायिक क्षमतेचा हा आकार पुढेही वादाचा विषय राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात आयोगाने घाऊक कंपनीच्या नव्या अटींस मान्यता दिली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून १०० मेगाबिट व त्याहून वेगवान योजनांवरील तो आकार काढून टाकण्यात आला.