गंजाखालचे साल

अडगळीतली जुनी सायकल भंगारात देण्यापूर्वी तिचे मागचे चाक पुसून पाहावे. त्यात नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब असेल, तर त्यावर बहुधा सालाचे दोन आकडे ठोकलेले दिसतात. '४७' म्हणजे १९४७.

विलायती सायकल मुंबई बंदरात उतरे. तिथून रेल्वे. नांदेडला मनमाड-हैदराबाद मीटरगेज होती. लातूरला १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येई. निजामी मुलखात शिरताना मालावर 'करोडगिरी', म्हणजे संस्थानाची जकात द्यावी लागे.

मग सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद यांची नावे दिली; लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. जिथे घरे लुटली गेली, तिथे कागदपत्रेही गेली. अशा एखाद्या घरात दादाजानची सायकल हाच उरलेला दस्तऐवज असू शकतो.

म्हणून मिस्त्रीला आधीच सांगावे की, पॉलिशपेपर आणि नवा रंग नको. अगोदर फोटो काढावेत, हबवरचे व फ्रेमवरचे आकडे उतरवून घ्यावेत. चाक मागाहून बदललेले असू शकते. जाम झालेल्या नट-बोल्टांत रॉकेल रात्रभर मुरू द्यावे. रंगावर मात्र तेलाची मऊ चिंधीच फिरवावी, म्हणजे सोनेरी रेघा आणि कंपनीची अक्षरे टिकतील.

शेवटी घरातल्या बुजुर्गांना विचारून, ती कोणी घेतली, कोणी चालवली, तेही त्याच वहीत लिहावे. तो मजकूर कोणत्याही हबवर ठोकलेला नसतो.